चार तासांचा पुणेकर

पैज लागली ती एका शब्दावरून. शब्द तरी केवढा, दोन अक्षरांचा. 'हव'.

रायपूरबाहेरच्या लोकांसाठी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. छत्तीसगढीत 'हव' म्हणजे हो. एखादी गोष्ट पटली की माणूस म्हणतो हव. पटली नाही, पण वाद घालायचा कंटाळा आला, तरी हव. आमच्याकडच्या मराठी नवऱ्यांनी तर अख्खे संसार या एका शब्दावर रेटून नेलेत.

तर रविवारची सकाळ. शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत अनंतराव ढोबळ्यांचा ओटा. अनंतराव मूळचे वर्ध्याचे, रेल्वेच्या मालगोदामातून रिटायर झालेले. तीस वर्षं गुढ़ियारीत वॅगनी मोजल्या, त्यामुळे आता समोरून माणूस गेला तरी ते त्याला मनात नंबर देतात. त्यांची भाची स्वरदा पुण्याहून आली होती आणि तिनं मोबाइलवर एक गंमत शोधून काढली होती. चार तासांत रायपूर. मिनीबस, गाईड आणि शेवटी खरेदी.

हे ऐकून शेजारचा नीलकंठ एवढा हसला की चहा नाकात गेला. नीलकंठ म्हणजे गोलबाजारातला चष्मेवाला. वय त्रेपन्न, पण बूड एका जागी पाच मिनिटं टिकत नाही. बसला तर पाय हलणार, उभा राहिला तर बोटं. खिशात चष्म्याचा इवलासा पेचकस कायम. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजाऱ्याच्या चष्म्याची काडी कसून देणारा माणूस.

"पैसे देऊन रायपूर पाह्यचं?" नीलकंठ म्हणाला. "पोरी, मले सांगितलं असतं तर मी स्कूटरवर फिरवली असती. सात पिढ्या झाल्या आम्हाले इथं. खापरपणजोबांचे आजोबा भोसल्यांच्या घोडदळात आले होते."

"घोडदळात आले, पन घोड्यावर नाई," अनंतराव म्हणाले. "घोड्याले दाना घालाले."

"अन् तुमी आले पॅसेंजरनं. बिना रिझर्व्हेशन."

इथपर्यंत रोजचंच होतं. पण त्या दिवशी भाची समोर होती, आणि भाचीसमोर मामाला जरा जास्तच चेव येतो. अनंतराव म्हणाले, "असली शहरी मानूस कसा पायजे? कुठंबी खपला पायजे. तू बे, दोन मिनिटं दुसरा कोनी बनून दाखव. तोंड उघडलं की हव. पुन्यात गेला अन् रिक्षावाल्याले हव म्हटलं, तर तो तुले मीटरनं रायपूरला आनून सोडंल."

"मी चार तास पुन्याचा बनून फिरतो! याच बसमध्ये!"

"एकदाबी हव न म्हनता?"

"ह..." नीलकंठनं जीभ चावली. "हो!"

झालं. अटी ठरल्या. एक, गाईडला कळता कामा नये की हा रायपूरचा. दोन, बसमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत तोंडातून हव निघता कामा नये. पंच म्हणून स्वरदा. आणि हरेल त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या गाडीवर उभं राहून, तिच्या भोंग्यातून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचं की असली रायपुरी समोरचा, आपण इथं नुसते पाहुणे.

आता नीलकंठकडे सांगण्यासारखं दुसरं काय होतं? दुकान भाड्याचं, स्कूटर जुनी, केस निम्मे. सात पिढ्या हीच त्याची इस्टेट, आणि तीच त्यानं लावली पैजेला. हे त्याच्या बायकोच्या, गोदावरीच्या, लगेच ध्यानात आलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "जिंकायसाठी आपन रायपूरचे नाई असं दाखवाचं. अन् जिंकून काय मिळवाचं? तर आपनच असली रायपूरचे. अक्कल कुठं ठेवली हो तुमी?"

नीलकंठनं याला काय उत्तर दिलं असेल? हव म्हणाला.

पुढचे चार दिवस गल्लीला दुसरा उद्योग नव्हता. समोरचा शेखर आयुष्यात एकदाच पुण्याला गेलेला, तोही स्टेशनवर गाडी बदलायला. पण तो तज्ज्ञ ठरला. "नीलकंठभाऊ, दर दोन वाक्यांनी 'आमच्याकडे' म्हनाचं. आमच्याकडे असं नसतं, आमच्याकडे तसं नसतं. चेहरा असा ठेवाचा की कोनीतरी तुमची खुर्ची घेतली हाय." कोपऱ्यावरच्या इंदूताईंनी उच्चार हातात घेतले. "भाऊ, तुमचा 'ळ' कच्चा हाय. डोया नाई, डोळा. म्हना."

नीलकंठ दुकानात बसून डोळा, केळं, काळं, कोळसा घोकायला लागला. चष्म्याच्या दुकानात मालक गिऱ्हाइकाकडे रोखून बघत 'काळं, काळं' म्हणतो, याचा अर्थ गिऱ्हाईक काय काढणार? एका म्हातारबाबांनी तर घाबरून विचारलं, "मोतियाबिंद है क्या?"

तिकडे बुकिंगचा फॉर्म आडवा आला. वर लिहिलेलं, 'केवल बाहर से पधारे पर्यटकों के लिए'. नीलकंठनं गावाच्या रकान्यात पुणे भरलं. पुढचा रकाना, हॉटेलचं नाव. तो रिकामा ठेवला की फॉर्म लाल व्हायचा. त्यानं फोन लावला.

"सर, आप ठहरे कहाँ हैं?"

"घर में."

"घर ऑप्शन में नहीं है सर. पर्यटक होटल में ठहरता है."

"और रिश्तेदार के यहाँ ठहरे तो?"

"तो वो रिश्तेदार है सर, पर्यटक नहीं."

शेवटी स्टेशनजवळच्या एका हॉटेलचा मॅनेजर नीलकंठचं जुनं गिऱ्हाईक निघाला. त्यानं लॉबीत बसायची परवानगी दिली, बदल्यात काउंटरवरच्या तिघांचे चष्मे दुरुस्त करून घेतले. म्हणजे आपल्याच गावात पाहुणा म्हणून बसायला नीलकंठला सकाळी सात वाजता मजुरी करावी लागली.

बस आली. नीलकंठच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर बॅग, हातात बाटली, चेहऱ्यावर खुर्ची गेल्याचं दुःख. मागच्या सीटवर स्वरदा, वही-पेन घेऊन. बसमध्ये इंदूरचं एक जोडपं आणि कटकचे दोन प्राध्यापक. आणि पुढे माइक घेऊन उभी गाईड, पूर्णिमा. तिशीची, चटपटीत, गुढ़ियारीत वाढलेली. नजर अशी की तिकीट न काढता चढलेला माणूस पाठमोरा ओळखेल.

"तो पुणे वाले सर, पहली बार रायपुर?"

"हो. म्हणजे, हाँ. पहिल्यांदाच. आमच्याकडे असं काही नसतं."

अजून बस हॉटेलच्या फाटकातून बाहेरही पडली नव्हती. काय नसतं ते पूर्णिमानं विचारलं नाही, एवढं तिचं मोठेपण.

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. नीलकंठ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, कारण पुढच्या सीटवरच्या इंदूरकर काकांच्या चष्म्याची काडी एका बाजूनं वर गेली होती आणि बोटं आवरत नव्हती. पण बस वळणाला आली आणि ड्रायव्हरनं वेग वाढवला तसा नीलकंठ ओरडला, "भैया, धीरे! मोड़ के बाद ब्रेकर है!"

ड्रायव्हरनं ब्रेक मारला. ब्रेकर होता. पूर्णिमानं मान वळवून पाहिलं.

"गूगल," नीलकंठ मोबाइल दाखवत म्हणाला. मोबाइल बंद होता.

बूढ़ा तालाबाच्या फाटकापाशी उतरले. तिकिटाच्या खिडकीत लोकेश. तो गेल्या बारा वर्षांत नीलकंठकडून पाच चष्मे घेऊन गेलेला. नीलकंठनं टोपी नाकापर्यंत ओढली, पण चालण्याला टोपी कशी घालणार? लोकेश खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"अरे, नीलकंठ भैया! भगवान ने भेजा आपको. देखो ना, डंडी हिल रही है." आणि चष्मा काढून सरळ हातातच दिला.

"माफ कीजिए," नीलकंठ घसा दाबून म्हणाला, "मैं पुणे से."

लोकेश डोळे बारीक करून बघत राहिला. "आवाज तो वही है. चश्मा लगा के देख लेता, पर चश्मा तो आपके हाथ में है."

खरोखरच होता. इतकंच नाही, खिशातला पेचकस दुसऱ्या हातात आलेला होता आणि दोन पिळे देऊनही झाले होते. हातांना कुठं माहीत होतं पैजेचं? नीलकंठनं चष्मा खिडकीच्या फळीवर ठेवला आणि तो लोकेशच्या नाकावर चढायच्या आत तलावाकडे अशी धूम ठोकली, की पूर्णिमाला माइकवरून सांगावं लागलं, "सर, पानी कहीं नहीं जा रहा, आराम से!"

मागून लोकेशचा आवाज आला. रागाचा नव्हता, कोड्यात पडलेला होता. "एकदम टाइट कर दिया... पुणे वाले ने?"

नीलकंठला जरा कसंसंच झालं. बारा वर्षांचं गिऱ्हाईक, आणि आपण तोंडावर म्हणालो ओळखत नाही. त्यानं काठावर उभं राहून पाण्यात पाहिलं. याच पाण्यात वडिलांनी त्याला पोहायला शिकवलं होतं, म्हणजे ढकललं होतं. इंदूरकर काकूंनी विचारलं, "गहरा होगा ना?" आणि नीलकंठचं तोंड उघडलं, 'ह' बाहेर आला आणि त्याच्या पाठोपाठ त्यानं बाटलीतलं पाणी घातलं. ठसका लागला. पाच मिनिटं सगळे त्याची पाठ थोपटत होते. स्वरदानं वहीत लिहिलं, 'ह. अपूर्ण.'

मग नवा रायपूर. मोठमोठे रस्ते, एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर फोनच लावावा. प्राध्यापक फोटो काढत होते आणि पूर्णिमा इतिहास सांगत होती. कलचुरी झाले. मग म्हणाली, "फिर नागपुर से भोसले आए. राज किया, चले गए. पीछे कुछ मराठी परिवार छूट गए."

छूट गए! स्टेशनवर छत्री राहून जावी तसं! नीलकंठचा एक पाय हलायला लागला. मग दुसरा. सीटसकट इंदूरकर हलायला लागले.

"अब तो वो लोग भी क्या मराठी," पूर्णिमा गोड आवाजात पुढे म्हणाली, "आधी हिंदी, आधी छत्तीसगढ़ी. क्यों पुणे वाले सर, आप लोग उनको मराठी मानते हैं?"

सगळी बस त्याच्याकडे बघायला लागली. मागे पेन तयार. आता बघा, सात पिढ्यांचा माणूस, आणि त्याला आपल्याच सात पिढ्यांबद्दल परक्याचं मत द्यायचं होतं. घशात शिव्या तीन भाषांत तयार होत्या. नीलकंठनं त्या गिळल्या आणि म्हणाला, "आमच्याकडे... त्यांचा 'ळ' कच्चा मानतात."

हे म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इंदूरकर काकूंनी त्याला पेपरमिंट दिली.

शेवटचा मुक्काम म्हणजे हस्तकलेचं दुकान. पूर्णिमा बाहेर बसपाशीच थांबली. पायरीवरच स्वरदा म्हणाली, "काका, तासच राहिलाय. जिंकाल बरं का तुम्ही." आणि नीलकंठ सैलावला. तिथंच घात झाला. दुकानदारी त्याच्या हाडात मुरलेली. दुकानात शिरलं की त्याचं तोंड आपोआप चालायला लागतं.

काउंटरवरची विजया नावाची बाई एक ओतीव धातूचा घोडा पुढे करून म्हणाली, "सर, बस्तर का बेलमेटल. पूरा हाथ का काम. अच्छा है ना?"

"हव," नीलकंठ म्हणाला.

मागे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज झाला.

"काका!"

"काय झालं? हवं म्हटलं मी. हवं! पायजे या अर्थानं. तुमच्या पुण्यात म्हणत नाहीत का, हवं-नको?"

"तुम्ही हव म्हणालात. अनुस्वार नव्हता."

"अनुस्वार नाकात अडकला. सर्दी आहे. आणि तुमचा तरी अनुस्वार कधी ऐकू येतो गं? तू म्हण बरं हवं."

स्वरदा म्हणाली, "हवं." नीलकंठ म्हणाला, "हव." दोघांनी तीन-तीनदा म्हणून पाहिलं. कटकच्या प्राध्यापकांपैकी एक भाषेचे होते, त्यांनी येऊन कान दिला आणि मान हलवली. फरक सांगता येईना. विजया घोडा घेऊन ताटकळत उभी.

स्वरदा पोरगी सरळ. विचार करून तिनं निकाल दिला. "ठीक आहे. हवं मान्य. पण काका, हवं म्हटलं तर ते घ्यावं लागतं. घेतलं नाही तर तो हव धरला जाईल."

घोडा घेतला. आता विजया काही कच्ची दुकानदारीण नव्हती. हे गिऱ्हाईक एका शब्दावर चालतं हे तिला कळून चुकलं. नको म्हणायला ते तोंड मुळात बनलेलंच नाही, हेही कळलं. ती सवाल असे टाकायला लागली की दुसरं उत्तरच नाही.

"घोड़ा अकेला तो अच्छा नहीं लगेगा ना, सर?"

"हव... हवं." दुसरा घोडा.

"ये तूमा की लाइट है, लौकी सुखा के बनाते हैं. भाभी जी खुश हो जाएँगी ना?"

"हव... वं." वाळलेल्या भोपळ्याचा दिवा.

नीलकंठनं शेवटी हातरुमाल तोंडात कोंबला. त्यावर विजयानं भिंतीवरून एक मुकुट काढला. बस्तरच्या नाचातला, कवड्यांची झालर, दोन्ही बाजूंना हातभर लांब शिंगं. शिंगं लाकडाची, पण रुबाब पुऱ्या रानगव्याचा. तिनं तो सरळ नीलकंठच्या डोक्यावर बसवला आणि आरसा धरला. "राजा लग रहे हैं ना?"

रुमालातून जो आवाज आला त्याचा अर्थ लावायला पंचाला वेळ लागला नाही. मुकुट घेतला.

सामान बसमध्ये मावेना. घोडे मांडीवर, दिवा कुशीत. मुकुटाला जागा एकच उरली, डोक्यावर. गल्लीतला सज्जन चष्मेवाला नीलकंठ, शिंगं लावून खिडकीशी बसला. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी पदर सारखा करून नमस्कार केला.

हॉटेल आता दहा मिनिटांवर. जीभ दातांखाली दाबून नीलकंठ मनात आकडे मोजत होता. आणि तोच सकाळचा ब्रेकर आला. या वेळी तो ओरडला नाही. पैजेतला माणूस, शहाणा झालेला. बस उडाली. नीलकंठ उडाला. शिंग पुढच्या सीटवरच्या इंदूरकर काकांच्या चष्म्यात अडकलं आणि चष्मा काडी एकीकडे, काचा एकीकडे असा खाली पडला.

काका म्हणाले, "मुझे कुछ नहीं दिख रहा." काकू म्हणाल्या, "इनकी पाँच बजे की ट्रेन है!"

मग हात कुणाचं ऐकतात? पूर्णिमानं टॉर्च धरली, प्राध्यापकांनी सीटखालचा स्क्रू शोधला, आणि नीलकंठनं मुकुट न काढताच काम मांडलं. पेचकस हातात, मोहरीएवढा स्क्रू ओठांत. चालत्या गाडीत, गुडघ्यावर रुमाल पसरून. चार तासांत पहिल्यांदा त्याचे पाय हलायचे थांबले होते.

"सर, ये तो काम चलाऊ है," पूर्णिमा काकांना म्हणाली. "पक्का बनवाना हो तो गोलबाज़ार में एक दुकान थी चश्मे की. मेरे बाबूजी वहीं से बनवाते थे. कोई नागपुर वाले थे, नए-नए आए थे."

स्क्रू ओठांत थरथरला. नागपूरवाले. नवे-नवे.

"पर अब वो दुकान बंद हो गई."

नीलकंठच्या कानशिलांना रक्त चढलं. शिंगं हलायला लागली.

"पक्का बंद हो गई," पूर्णिमानं टॉर्च जवळ आणली. "या चालू है, सर?"

"हव!"

स्क्रू उडून थेट ड्रायव्हरच्या आरशाला लागला.

मागून स्वरदाचा आवाज आला, अगदी हळू. "काका... काय हवं?"

आता हवं असण्यासारखं तिथं काही नव्हतं. बसमध्ये विकायला होतं काय? नीलकंठनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि मग सीटवरून उठून उभा राहिला. शिंगं टपाला लागली म्हणून जरा वाकून. "काही नको! हव म्हटलं मी, हव! चालू हाय दुकान! माझं हाय! माझ्या बापाचं होतं! अन् नागपूरवाले कोन? सात पिढ्या झाल्या इथं, सात! छूट नहीं गए, रह गए! अपनी मर्ज़ी से रह गए!"

पूर्णिमा हसत होती. "मालूम है, भैया. बाबूजी का चश्मा लेने मैं ही आती थी. आपने पहचाना नहीं."

"मग... कधी ओळखलं?"

"ब्रेकर पे. बाहर का आदमी झटका खाने के बाद चिल्लाता है. आप पहले चिल्लाए."

म्हणजे पहिली अट सकाळी आठलाच गेली होती. बाकी सगळे तास, दोन घोडे, एक भोपळा आणि एक मुकुट हे सारं बिनकामाचं. नीलकंठ मटकन खाली बसला. मग पुन्हा उठला, कारण घोड्यावर बसला होता.

स्क्रू शोधून काकांचा चष्मा कसून दिल्यावर त्यानं बस हॉटेलला न नेता तालाबावरून वळवायला लावली. उतरून लोकेशच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "मैं ही था बे." लोकेशनं मुकुटाकडे बघून एवढंच विचारलं, "ये वाला फ्रेम नया आया है क्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत शिरली. चालवणारा धर्मपाल, त्याला अनंतरावांनी आधीच पटवून ठेवलेलं. अनंतराव धुतलेला सदरा घालून ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. गाडीच्या भोंग्यावरचं गाणं बंद झालं. नीलकंठ मागच्या फळीवर चढला, माइक घेतला. गोदावरी दारात पदर तोंडाला लावून उभी. त्या क्षणी त्याला खरंच वाटलं की जमीन फाटावी. पण गाडीवर उभा होता, फाटली असती तरी उपयोग नव्हता.

"सुनो, सुनो," भोंग्यातून आवाज गेला. "मैं नीलकंठ चष्मेवाला बोल रहा हूँ. इस गली में असली रायपुरी हैं अनंतराव ढोबळे. ये घरवाले हैं. हम तो बस पाहुने हैं."

लोक बादल्या घेऊन बाहेर आले. "नीलकंठभाऊ, नाई ऐकू आलं, दुसऱ्यांदा सांगा!" शेखर ओरडला. नीलकंठनं दुसऱ्यांदा सांगितलं. इंदूताई म्हणाल्या, "'ळ' छान आला हो, 'ढोबळे'तला!" तिसऱ्यांदा सांगताना मात्र त्याचा आवाज मध्येच थबकला. 'हम तो बस पाहुने हैं.' त्यानं हा शब्द स्वतःच भोंग्यातून ऐकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते गोदावरीनं ओळखलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती; तिनं पदर खोचला.

"अन् मी पाहुन्याची बायको," ती म्हणाली.

नीलकंठ फळीवरून उतरला, माइक धर्मपालच्या हातात दिला, चपला झटकल्या आणि सरळ अनंतरावांचा ओटा चढून त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला.

"बसून काहून राहिला?" अनंतराव म्हणाले. "झालं ना आता? जा ना घरी."

"घर तर तुमचं हाय. आत्ताच साऱ्या गल्लीनं ऐकलं, तीन डाव. पाहुना सकाळी सकाळी दारी आला, अनंतराव. उपाशी धाडता का?"

गोदावरी बसली. शेखर बादली ठेवून चढला, "आम्हीबी पाहुनेच, भाऊ, आमचे तर वडीलच बाहेरून आलेले." इंदूताई आल्या. पाहुण्यांत धर्मपाल कसा नको? त्याला दोघांनी धरून आणला. स्वरदानं वही मिटली आणि मामांकडे बघून म्हणाली, "मामा, नियमात बसतंय."

अनंतरावांनी ओट्यावरची माणसं मोजली. एकवीस. अजून दोघं येताना दिसत होती. त्यांनी आत तोंड करून बायकोला हळूच हाक मारली, "विनोदिनी, पोहे हायेत का गं?"

आतून विनोदिनीवहिनींचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू आला. त्यांना भोंगा लागत नाही.

"हायेत. डब्यात. कांदे तिथंच खाली. घरवाले तुमी ना? या, चिरा."

आणि अनंतराव उठले.